बिनतलवारीचा गडी

भूपालअण्णा मगदूम यांनी उभ्या आयुष्यात मुंगी मारली नाही, असं त्यांच्या शोकसभेत एका वक्त्यानं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेत बसलेले मार्केट यार्डातले व्यापारी एकमेकांकडे बघून गालात हसले. मुंगीबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण हळदीच्या सौद्यात अण्णांसमोर बसून धडधाकट उठलेला माणूस त्या रांगेत एकही नव्हता.

मी अण्णांचा शेजारी. सांगलीत वकिली करतो. आमच्या दोन घरांमधल्या कंपाउंडला लागून त्यांचं लिंबाचं झाड आहे. झाड त्यांचं, पण अर्धी लिंबं माझ्या अंगणात पडायची. ती कायद्यानं कुणाची, असं अण्णांनी मी राहायला आल्या आल्या विचारलं होतं. माझं उत्तर त्यांना पटलं नाही. तेव्हापासून ते पिशवी घेऊन यायचे, सगळी लिंबं वेचायचे आणि जाताना त्यातली थोडी माझ्या पायरीवर ठेवायचे. ही माझ्या हक्काची नव्हेत, त्यांनी दिलेली भेट आहे, हे मला नीट समजावं अशी त्यांची इच्छा असे.

अंगानं काटकुळे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, कारण जैन माणूस, चामडं चालत नसे. कांदा-बटाटा घरात यायचा नाही. दिवस मावळायच्या आत जेवण. आवाज कधी चढत नसे. भाव सांगायचा आणि छताच्या पंख्याकडे बघत बसायचं, एवढीच त्यांची सौद्याची कला. समोरचा बोलबोल बोलायचा, चिडायचा, उठून जायचा, परत यायचा. अण्णा पंखाच बघत असायचे. शेवटी तो कबूल व्हायचा. मग अण्णा स्वतः उठून त्याला चहा ओतून द्यायचे. जखमेवर हळद लावावी तसे.

असा माणूस सत्तरी ओलांडल्यावर कॉम्प्युटरवरच्या गेमच्या नादी लागला, ही सुनेची करणी.

अण्णांचा एकुलता मुलगा अभय पुण्यात नोकरीला होता. तिथं त्यानं स्नेहलशी लग्न ठरवलं. स्नेहल साताऱ्याकडची. उंब्रजवरून आत गेलं की त्यांचं गाव. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले शिंदे. मटण शिजल्याशिवाय त्या घरात रविवार उजाडत नसे. लग्नाला अण्णा गेले ते प्रतिस्पर्ध्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला जावं तसे. सुभेदार कोटावर मेडलं लावून मांडवाच्या दाराशी बंदोबस्ताला असल्यासारखे उभे राहिले आणि "असलं अळणी जेवान आमच्यात आजारी माणसाला देत्यात" असं म्हणून न जेवता गाडीत बसले. त्यानंतर व्याह्या-व्याह्यांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही.

लॉकडाऊनमध्ये अभय आणि स्नेहल सांगलीला आले आणि घरून काम करत इथंच राहिले. अण्णांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या, त्यामुळे घरात तिघंच. सासरा आणि सून एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागत. "दूध आलं." "बरं." "कुरियर आलंय." "बरं." एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. त्यात अण्णा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हळदीची पेढी पुतण्याकडे गेली आणि अण्णांना हॉलमधली खुर्ची आली.

त्याच हॉलमध्ये नेट चांगलं मिळतं म्हणून स्नेहलनं आपला मोठा कॉम्प्युटर मांडला होता. काम संपलं की ती तासभर गेम खेळायची. बर्फाचे डोंगर, तटबंदीची गावं, देवदारांचं रान, आणि त्यातून हिंडणारा एक तलवारवाला गडी. एकट्यानं खेळायचा गेम होता तो. तुम्ही आणि कॉम्प्युटर, दुसरा माणूस नाही. अण्णा खुर्चीतून नुसतं बघायचे. एकदा स्नेहल फोन घ्यायला आत गेली. बराच वेळ आली नाही. ती परत आल्यावर अण्णांनी लग्नानंतर पहिल्यांदा तिला प्रश्न विचारला.

"तो मनुष्य मघाधरनं बर्फात नुसताच उभा हाय. त्याला थंडी वाजत न्हाई व्हय?"

स्नेहलनं खुर्ची सरकवून दिली. "तुम्हीच चालवा त्याला."

अण्णांनी त्याला चालवला. गाव बघितलं, ओढा बघितला, देवळासारखं काहीतरी होतं तिथं गडी जरा वेळ थांबवला. मग रानात शिरल्यावर लांडगा आला. स्नेहल म्हणाली, "माऊसचं डावं बटण दाबा, तलवार चालते." अण्णांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. लांडग्यानं गड्याला खाल्लं. गेम पुन्हा सुरू केला, लांडगा पुन्हा आला, अण्णांनी पुन्हा हात मांडीवर ठेवला. आठवडाभर हेच चाललं होतं. मी एकदा लिंबाच्या निमित्तानं डोकावलो तेव्हा अण्णा अतिशय शांत चेहऱ्यानं लांडग्याकडून स्वतःला खाऊन घेत होते.

शेवटी सुनेलाच ते बघवेना. तिनं सांगितलं की कीबोर्डवर एक बटण दाबलं की पडद्यावर काळी पट्टी उघडते. तिच्यात अमुक एक शब्द टाइप केला की शत्रूंना, जनावरांना आपला गडी दिसतच नाही. याला चीट म्हणतात.

"म्हंजे ही लबाडी झाली की," अण्णा म्हणाले.

"अण्णा, समोर माणूसच नाही. फसवायचं कुणाला?"

अण्णा पंख्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. कायद्याचं मत हवं होतं. मी सांगितलं की फसवणूक म्हणायची तर फसलेला माणूस दाखवावा लागतो, आणि इथं तसा कुणी नाही.

"आणि लांडगा?"

"लांडग्याला कोर्टात उभं राहता येत नाही, अण्णा."

हे उत्तर त्यांना पटलं. माझ्या वकिलीत त्यांना पटलेलं हे पहिलं उत्तर.

आता हा माणूस गेममध्ये सोकावला आणि वाट्टेल त्या सवलती घेऊ लागला असेल, असं कुणालाही वाटेल. झालं भलतंच. अण्णांनी न दिसण्याचं एक चीट तेवढं घेतलं आणि बाकीची सगळी नाकारली. हवं तेवढं सोनं देणारा शब्द होता. "ते फुकटचं. फुकटचं खाऊन माणूस बिघडतोय." भूक बंद करणारा शब्द होता. "भूक न्हाई तर मग जेवायचं कशाला?" उलट त्यांनी आपले नियम गड्याला लावले. गड्याच्या अंगात चामड्याचं चिलखत होतं, ते काढायला लावलं. त्याखाली गेमवाल्यांनी फारसं काही दिलं नव्हतं, म्हणून स्नेहलनं गेमच्या फायलींत फेरफार करून त्याला पांढरे सुती कपडे शिवले. अशा फेरफाराला मॉड म्हणतात. तिनं पुण्यात असताना हौसेनं असली मॉड केली होती. मग गेममधल्या खानावळीत मटणाच्या जागी मूगडाळ आणि भाकरी आली. वाटेतली गाजरं गडी उपटत नसे. दिवस मावळल्यावर अण्णा त्याला घास देत नसत. त्यामुळे तो बिचारा डोंगरात सुती शर्टावर कुडकुडत उपाशी पडायचा, आणि पहाटेपर्यंत टिकला तर टिकायचा. लांडग्यांपासून वाचवलेला हा इसम अण्णांच्या हातात लांडग्यांपेक्षा जास्त हाल सोसत होता. पण अण्णांना विचारलं की म्हणायचे, "आता कुटं खेळात दम आला."

दूध आणि कुरियर यांच्यापलीकडे घरात बोलणं सुरू झालं ते असं. "काल गडी घाटात अडकलाय बघ." "अण्णा, त्याला घोंगडं देऊ का?" "दे, पर विकत दे." अभय ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर येऊन या दोघांकडे चकित होऊन बघायचा.

घाटातली एक खिंड काही सुटेना. तिथं जायची वाट स्नेहललाही ठाऊक नव्हती. ती म्हणाली, "आबांना माहीत असेल."

आबा म्हणजे सुभेदार. तेही तोच गेम खेळत होते. लेकीनं पहिल्या पगारात घरी कॉम्प्युटर घेऊन दिला होता. लग्नानंतर बाप-लेकीत बाकी सगळे विषय बंद झाले तरी त्या गेमबद्दल फोनवर बोलणं चालू होतं. सुभेदार व्यायाम झाला की बूट घालून खेळायला बसत. सगळ्यांत अवघड पातळी लावत. मेले तर गड्याचा तो जन्म संपला असं मानून पहिल्यापासून सुरू करत. स्नेहलनं फोन लावून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी खिंडीची अडचण सांगितली.

"खिंडीच्या डाव्या अंगानं चढा," सुभेदार म्हणाले. "वर चौकी हाय. सोळा-सतरा जवान हायत. उडवा आन् फुडं चला."

"उडवायचं नसंल तर?"

"मग फौजेत आलासा कशाला?"

व्याह्यांचं हे लग्नानंतरचं पहिलं संभाषण. पुढच्याच रविवारी, मटण सोडून, सुभेदार सांगलीला आले. न मारता खिंड कशी ओलांडतात ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. मला अण्णांनी साक्षीला बोलावलं होतं. अण्णांचा गडी पांढऱ्या शर्टात चौकीतल्या जवानांच्या नाकासमोरून, यार्डात फेरी मारावी तसा निघून गेला. सुभेदार आधी थक्क झाले. मग स्नेहलनं काळ्या पट्टीची भानगड सांगितली.

"ह्यो फाऊल हाय!" सुभेदार उभेच राहिले. "पाव्हणं, ह्यो शुद्ध फाऊल हाय. शत्रूला आंधळा करायचा आन् आपुन मर्द म्हणून हिंडायचं?"

"मी कुटं मर्द म्हणतोय?"

"आवं, मग खेळलासा काय? भीतीच न्हाई तर खेळ कसला? माझं काळीज बघा, चौकी दिसली की हितं येतंय, हितं!" त्यांनी गळ्यावर हात ठेवला.

"तुमी एवढी माणसं मारून म्होरं गेलासा," अण्णा शांतपणे म्हणाले, "आणि रातच्याला मटन खाऊन झोपलासा. माझा गडी उपाशी झोपला. अवघड कुणाचं?"

"आपला आपुन उपाशी मरायला कुणी सांगितलं हुतं?"

"तुमास्नी तरी अवघड पातळी लावायला कुणी सांगितलं हुतं?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी तारीख मागून घेतली.

सुभेदारांनी जाता जाता मात्र हुकमाचं पान टाकलं. पुढे दरोडेखोरांचा एक गड होता. त्याच्या म्होरक्याच्या कंबरेला दरवाज्याची किल्ली. तो मेल्याशिवाय किल्ली मिळत नाही आणि किल्लीशिवाय कथा पुढे सरकत नाही. गेमवाल्यांनी दुसरी सोयच ठेवली नव्हती. "आता हुडका चीट," म्हणून ते गेले.

अण्णांचा गडी गडाच्या दाराशी दिवसचे दिवस उभा राहिला. मग अण्णा स्नेहलला म्हणाले, "ह्या म्होरक्याला बोलता येत न्हाई का? माझ्याकडं तर जो येतोय तो बोलून जातोय."

स्नेहलनं मॉड करायला घेतलं. म्होरक्याशी बोलता यावं, पटलं तर त्यानं किल्ली द्यावी, नाही पटलं तर हाकलावं. त्याची वाक्यं पडद्यावर मराठीत उमटायची, खाली गड्याची उत्तरं. पहिल्या खेपेला अण्णांनी नमस्कार केला आणि म्होरक्यानं किल्ली काढून दिली. अण्णा भडकले. त्यांना भडकलेलं मी तेवढंच पाहिलं.

"एवढ्या लवकर सोडणारा माणूस दरोडेखोर झाला कसा? ह्याला यार्डात उभं कर, दुपारपतूर कपडे काढून घेतील ह्याचे!"

स्नेहलनं म्होरक्याला कडक केलं, तरी तो पुण्यातल्या सुशिक्षित मुलीसारखा बोलायचा. मग तिनं वडिलांना फोन केला. दरोडेखोराचा असा अपमान चाललाय हे ऐकून सुभेदार कळवळले आणि म्हणाले, "मी सांगतो तसं लिव्ह." तेव्हापासून म्होरक्या साताऱ्याकडचं बोलू लागला. सुभेदार गावाकडून फोनवर त्याची वाक्यं सांगायचे, अण्णा इथं खुर्चीतून गड्याची उत्तरं सांगायचे, मधे स्नेहल टाइप करायची. किल्लीची बोलणी महिनाभर चालली. म्होरक्या विचारायचा, "तुझ्यासारख्या बिनतलवारीच्या गड्याला मी उंबऱ्यात तरी का घेऊ?" गडी म्हणायचा, "तलवार असल्यावर उंबऱ्यात कोण घेतंय?" दोघं म्हातारे आपापल्या वाक्यावर बेहद्द खूश असायचे.

एका दुपारी मी तिथंच बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. सुभेदार म्हणाले, "पोरी, म्होरक्याचं फुडलं वाक्य घे. म्हनावं, किल्ली देतो. पर आधी सांग, माजी पोरगी तुज्या गावात दिल्या. ती तितं पोटभर जेवती का? का तिला तुमच्यासारखंच अर्ध्या पोटी निजावं लागतंय?"

स्नेहलची बोटं थांबली. गेममधल्या म्होरक्याला मुलगी नव्हती.

अण्णा पंख्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस तासभर बोलत नाही. पण त्यांनी लगेच मान खाली केली. "लिव्ह," ते म्हणाले. "म्हनावं, मला म्हाईत न्हाई. मी तिला कवा इचारलंच न्हाई."

स्नेहलनं दोन्ही वाक्यं जशीच्या तशी टाइप केली. मग तिनं स्वतःचं एक घातलं, कुणाला न विचारता. "मुलगी बरी आहे. पण तिला कांद्याची भजी खावीशी वाटतात."

पलीकडून सुभेदारांचा मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. त्या संध्याकाळी म्होरक्यानं किल्ली दिली. आणि अण्णांच्या घराच्या मागच्या अंगणात, न्हाणीघराजवळ, एक वेगळी शेगडी आली. "घरात न्हाई," अण्णांनी मला मुद्दाम येऊन स्पष्ट केलं, "अंगण घरात धरत न्हाईत." पहिल्या भज्यांचा वास आला तेव्हा ते माझ्याकडे येऊन बसले होते.

त्यानंतर सुभेदार वरचेवर यायला लागले. येताना घेवडा, ज्वारी, शेंगा आणायचे. दोघं आलटून पालटून खेळायचे आणि एकमेकांच्या खेळाला नावं ठेवायचे. "मुडद्यांचा ढीग घातलासा सुभेदार, आता ह्यांचं कोण करणार?" "तुमचा गडी बघा पाव्हणं, भुतागत हिंडतुया, कुनाला दिसंना, कुनाला गावंना." त्या घरात एवढा दंगा आधी कधी नव्हता आणि नंतरही झाला नाही.

मग सुभेदारांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, चालणंही काठीवर सुधारलं, पण उजवा हात गेला. डाव्या हातानं माऊस धरून ते पुन्हा गेमला बसले, अवघड पातळी तशीच ठेवून. रोज मरत. गावाकडं कॉम्प्युटरसमोर बसून राहतात, जेवत नाहीत, असं स्नेहलची आई फोनवर सांगू लागली. स्नेहलनं पातळी सोपी करायला सुचवलं तेव्हा त्यांनी फोन ठेवून दिला.

इथं अण्णांनी जे केलं ते त्यांच्या सगळ्या आयुष्याच्या उलट होतं. यार्डात कुणाला कधी गुंजभर सूट न दिलेल्या माणसानं सुनेला सांगितलं की सुभेदारांच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप असं मॉड घाल की शत्रू जरा हळू येतील. फार नको. त्यांना कळणार नाही एवढंच. स्नेहल दिवाळीला माहेरी गेली तेव्हा घालून आली.

सुभेदार जिंकू लागले. फोन यायचा, "पाव्हणं, डाव्या हातानं चौकी घेतली! बिनचीट!" अण्णा म्हणायचे, "आमास्नी काय हे जमनार न्हाई बाबा." हे वाक्य ते अगदी बेमालूम म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. मला त्यांच्या सौद्यातला नफा कधी दिसला नव्हता. तो तेव्हा दिसला.

पण फौजेत उमर काढलेल्या माणसाला येणारा बाण ओळखता येतो. सुभेदारांनी एक बाण येताना बघितला, नीट बघितला, आणि बाण एवढा सावकाश येत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी लेकीला फोन करून सरळ विचारलं. तिला खोटं बोलता आलं नाही. सुभेदारांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली. लेकीचा फोन घेणं बंद केलं. अण्णांचं तर नाव घेणंही बंद केलं.

अण्णा तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. "वकीलसाहेब, गाडी काढतासा? उंब्रजला जायचं हाय."

अण्णा कधी कुणाच्या दारी गेलेले मी पाहिले नव्हते. माणसं त्यांच्याकडे येत. मी गाडी काढली. कराड मागे गेल्यावर अण्णा म्हणाले, "त्या दिवशी तुमी काय म्हटलासा? फसलेला माणूस दाखवावा लागतोय."

"हो."

"ह्या खेपेला हाय की हो माणूस."

सुभेदार सोप्यात खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांनी "या" म्हटलं नाही. अण्णा काठी टेकत पायरी चढले आणि उभेच राहिले.

"सुभेदार, लबाडी केली मी. पोरीची काय चूक न्हाई."

सुभेदार म्हणाले, "तुमी तुमच्या खेळात भूत व्हा, न्हाईतर देव व्हा. मी बोललो, भांडलो, पर मनात काय ठेवलं न्हाई. तुमचा खेळ, तुमचं नियम. पर ह्यो माझा हुता, पाव्हणं. ह्या हातावानी ह्यो बी गेला आसता तरी माझा म्हणून गेला आसता. तुमी मला इचारलं का न्हाई?"

"इचारलं आसतं तर व्हय म्हटला आसता का?"

"न्हाई."

"म्हणून न्हाई इचारलं."

मला वाटलं, खटला इथंच हरला. पण सुभेदारांच्या ओठांची एक बाजू हलली. हसायला ती एकच उरली होती. "निदान खरं तरी बोलतासा," ते म्हणाले. "बसा."

आतून स्नेहलच्या आईनं हळूच मला विचारलं, अण्णा जेवतील का. त्यांनी घाईघाईनं शेजारणीकडून कोरं पातेलं आणून त्यात मुगाची उसळ टाकली होती. अण्णांनी स्वतःचा डबा आणला होता. परक्या घरी ते पाणीसुद्धा आपलं पीत. डबा गाडीत होता. मी तो आणायला उठलो तर अण्णांनी मला हातानं खाली बसवलं. ते तिथं जेवले. भाकरीचा तुकडा मोडताना एकदा त्यांनी चुलीकडे बघितलं आणि पुन्हा नाही बघितलं.

जेवताना तहाची कलमं ठरली. सुभेदारांनी उपचारासाठी सांगलीला येऊन राहायचं. गेम एकच, गडी एकच, दोघांचा. चालवायची बटणं कीबोर्डवर डाव्या हाताला असतात, ती सुभेदारांची. गड्याला वळवायचं आणि तलवार चालवायची ती माऊसवर, उजव्या हाताला. तो हात अण्णांनी द्यायचा. सुभेदारांची अट, चीट नाही, काही झालं तरी नाही. अण्णांची अट, मारायचं नाही, काही झालं तरी नाही. असा गडी पाच मिनिटं जगणार नाही, असं माझं मत मी दिलं. ते दोन्ही पक्षांनी फेटाळलं.

गडी जगला. पळून जगला. दिसत होता सगळ्यांना, मारत नव्हता कुणाला, म्हणून त्याला सगळ्या देशातून ऊर फुटेस्तोवर पळावं लागे. सुभेदार पळवायचे आणि शिव्या द्यायचे. स्नेहल म्हणाली, ती एवढी वर्षं गेम खेळली पण त्यातले ओढे, कपारी, डोंगरामागच्या वाटा तिला या दोघांनी दाखवल्या.

पुढच्या श्रावणात अण्णा झोपेतच गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी काही दिवस, एका दुपारी. मला कोल्हापूरला तारखेला जायचं होतं, जाता जाता सांगावं म्हणून दारात थांबलो. दोघं पाठमोरे, एकमेकांना खांदे टेकवून बसलेले. पडद्यावर बर्फाचा उतार आणि मागं झाडाएवढा एक राक्षस. गडी जिवाच्या आकांतानं पळत होता.

"पाव्हणं, आता तरी दाबा! एकच वार! एकच!"

"नाल्यात घ्या सुभेदार, नाल्यात!"

"आवं, नाल्यात पानी हाय!"

"पवतोय तो, घ्या!"

मी म्हटलं, "अण्णा, येतो मी."

अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही. माऊसवरचा हात तेवढा उचलला आणि डोक्यावर उंच धरून, अगदी सावकाश, मला "या" म्हणून हलवत राहिले.

"आवं हात!" सुभेदार ओरडत होते. "पाव्हणं, हात! हात!"